दगडाचें नांव व दगडाचें गांव

आपल्या परभणी जिल्ह्याची जमीन काळी आहे, आणि तिच्या पोटांतील कातळही काळाच आहे. सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचे ते थर होत. या प्रदेशांत विहीर खणतांना, किंवा गोदावरीच्या अथवा दुधनेच्या पात्रांत फिरतांना एखादा निराळा दगड सांपडला, कीं विद्यार्थी तो दप्तरांत घालून शाळेंत आणतो व विचारतो, "याचें नांव काय?" जिज्ञासा स्तुत्य आहे. तथापि माझ्या मतें हा प्रश्न पहिला नसून शेवटचा असावा. पहिला प्रश्न हा, कीं "तो मिळाला कोठें?"

उल्कापाषाणास तो ज्या स्थळाजवळ पडला त्या स्थळाचेंच नांव द्यावें, अशी शास्त्रज्ञांची रीत आहे. 1928 सालीं आपल्या भागांत पडलेला पाषाण जगाच्या नोंदींत 'नाओकी' म्हणून ओळखला जातो. 22 मे 2012 रोजीं नागपूर जिल्ह्यांत पडलेले पाषाण 'काटोल' या नांवानें नमूद आहेत. ज्या दगडाचें गांव विसरलें, त्याची जात प्रयोगशाळेंत कळेल. परंतु त्याचा इतिहास कोणासही परत आणतां येणार नाहीं.

नुसतें रूप पाहून निर्णय करणें किती फसवें असतें, याची साक्ष उत्तरेकडील बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर देतें. सुमारें 1.8 किलोमीटर व्यासाचें तें विवर ज्वालामुखीचें मुख असावें, असें पुष्कळ काळ मानीत. भोंवतीं सर्वत्र लाव्ह्याचाच खडक असल्यानें तें साहजिकही होतें. पुढें विसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत तेथील खडकांत प्रचंड आघातानें काचरूप झालेलीं खनिजें आढळलीं, तेव्हां तें विवर उल्कापातानें झालें हें सिद्ध झालें. पंडितांनीं जेथें इतका धीर धरला, तेथें आपण घटकाभरांत निकाल कां द्यावा?

आपल्याकडे काळा व जड दगड दिसला, कीं "आकाशांतून पडला" असें म्हणतात, आणि चकाकणारा दिसला, कीं "हिरा" म्हणतात. थोडी परीक्षा करावी. ताज्या उल्कापाषाणावर पातळ, जळकें, काळें कवच असतें, आणि आंत बुडबुड्यांच्या पोकळ्या बहुधा नसतात. आपल्या काळ्या दगडांत मात्र त्या पुष्कळ आढळतात. बहुतेक उल्कापाषाणांस लोहचुंबक चिकटतो. पण आपला काळा दगडही त्यास थोडा ओढतो, आणि जुन्या भट्टीचें कीटही ओढतें. म्हणून एका परीक्षेवर विसंबूं नये. पांढऱ्या दगडांचेंही तसेंच आहे. गारगोटी व अकीक काचेवर ओरखडा काढतात. कॅल्साइट चाकूनें सहज ओरखडला जातो, व शिक्षकांच्या देखत सौम्य आम्लाचा थेंब टाकल्यास फसफसतो. कातळाच्या पोकळ्यांत मिळणारे मोत्यासारख्या झळाळीचे स्फटिक पुष्कळदां झिओलाइट असतात. सिन्नर येथील 'गारगोटी' संग्रहालयांत अशा स्फटिकांचे उत्तम नमुने पाहावयास मिळतात.

कांहीं पालक विचारतात, "दगडधोंडे जमवून गुण वाढतात काय?" दुसरे विचारतात, "याची किंमत किती येईल?" पहिल्यांस माझें उत्तर असें, कीं पाहणें, मोजणें व लिहून ठेवणें या संवयी ज्या मुलास लागल्या, त्यास त्या प्रत्येक विषयांत उपयोगीं पडतात. दुसऱ्यांस इतकेंच, कीं बाजारांत गेलेल्या दगडाचें गांव प्रथम हरवतें, आणि त्याबरोबर ज्ञानही.

यास्तव प्रत्येक दगडासोबत एक चिठ्ठी असावी. तींत गांव, शेत किंवा ओढा, खोली, तारीख, भोंवतालचे दगड व शोधणाराचें नांव लिहावें. दगड फोडूं नये, घासूंही नये. उल्केची सबळ शंका असल्यास शिक्षकांच्या द्वारें भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयास कळवावें. 1851 सालीं स्थापन झालेली ही संस्था राष्ट्राचा उल्कासंग्रह सांभाळते. आणि नांव न कळल्यास "ओळख पटलेली नाहीं" असें निःसंकोच लिहावें. यांत कमीपणा कांहीं नाहीं. उलट, खात्री नसतां लिहिलेलें भारदस्त नांव ही एक प्रकारची खोटी साक्षच होय. तें कपाटांत राहतें, आणि पुढच्या वर्षांचीं मुलें तेंच सत्य मानून पाठ करतात.

सर्व गोष्टी पारखून घ्याव्या व चांगलें तें धरून ठेवावें, असा प्रेषित पौलाचा उपदेश आहे. तो केवळ उपासनामंदिरापुरता नाहीं. दगडांच्या कपाटासही तो लागू आहे. येत्या सुट्टींत नदीकांठीं जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें पिशवींत दगडांसाठीं जागा ठेवावी, आणि खिशांत वही व पेन्सिल अवश्य घ्यावी.