अनाथाश्रम नको, पाड्यावरच्या घराला आधार द्या




डहाणू आणि तलासरी तालुक्यांत मदत पाठवणाऱ्या परदेशी चर्चना आणि ती स्वीकारणाऱ्या आम्हा ख्रिस्ती मंडळींना माझे कळकळीचे सांगणे आहे : आईबाप हयात असलेल्या मुलांसाठी नवे अनाथाश्रम उभारू नका. मूल आपल्या पाड्यावर राहून शिकेल, यासाठी तो पैसा खर्च करा.

या भागातील मिशनकार्याचे मोल मी जाणतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील ब्रदरन चर्चची माणसे डहाणूत आली आणि त्यांनी इथे रुग्णालय उभारले. तलासरीत जेज्वीट धर्मगुरूंच्या शाळा-वसतिगृहात आदिवासी मुले शिकली. ब्रदरन मिशनने १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेत अनाथालये काढली. त्याच सुमारास पंडिता रमाबाईंनी गुजरातमधून निराधार मुली केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. भुकेने आणि रोगराईने तेव्हा घरेच्या घरे उजाड झाली होती. मुलांना घेऊन जाण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

आजची अडचण निराळी आहे. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की माणसे कामासाठी बाहेर पडतात. कोणी वीटभट्टीवर जाते, कोणी गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी होते. मूल सोबत गेले तर शाळा बुडते, मागे राहिले तर सांभाळायला म्हातारी आजी तेवढी असते. पाऊस येईपर्यंत दोन वेळचे जेवण, अभ्यासाला जागा आणि रात्री जवळ एखादे जबाबदार माणूस, एवढीच त्या मुलाची गरज असते. शिक्षण विभागाच्या हंगामी वसतिगृहांमागे हाच विचार आहे. चर्चने त्याला हातभार लावावा.

याचा धडा आपल्याच तालुक्यात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. अंगणवाडी त्यांनी पाड्यावरच भरवली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शिकण्यासाठी मुलाने घर सोडावे, अशी अट त्यांनी घातली नाही.

यावर मला सांगितले जाते की, अनाथाश्रमाच्या नावाने देणगी लवकर जमते. दात्याला इमारत दिसते, मुलाचा फोटो मिळतो. हे खरे आहे. पण देणगी सोपी व्हावी म्हणून घरदार असलेल्या मुलाला अनाथांच्या रांगेत बसवणे ही सेवा नव्हे. दात्याला खरी गरज समजावून सांगणे हे आपले काम आहे, आणि ते टाळण्याची किंमत मुलाने का मोजावी?

ज्याला खरोखरच कोणी नाही, त्याला आसरा हवाच. मात्र तो बाल कल्याण समितीच्या आदेशाने आणि नोंदणी झालेल्या संस्थेतच मिळावा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने नोंदणी सक्तीची केली आहे आणि मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. वडील किंवा आई गेलेल्या मुलासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिची रक्कम महिना २,२५० रुपये झाली आहे. मृत्यूचा दाखला, आधार, बँक खाते यांपैकी एखादा कागद नसला तरी अर्ज अडतो. चर्चच्या तरुणांनी अशा कुटुंबासोबत सरकारी कार्यालयाची पायरी चढावी. त्यासाठी परदेशी पैसाही लागत नाही.

शेवटी हिशेबाबद्दल. परदेशी देणगी परदेशी योगदान कायद्याखालील नोंदणी असलेल्या संस्थेच्या खात्यातच यावी, पाहुण्यांच्या पाकिटातून नव्हे. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला सामाजिक क्षेत्रातील संस्थांवर देखरेखीचा अधिकार दिला आहे. म्हणून किती पैसे आले आणि कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावे. मिशनकार्यावर संशय घेणाऱ्यांना त्याहून चांगले उत्तर नाही. आणि जेवणासाठी, शिक्षणासाठी येणाऱ्या मुलावर प्रार्थनेची सक्ती कधीही नसावी. ख्रिस्ताच्या नावाने केलेल्या सेवेला अट शोभत नाही.

तेव्हा ‘तुमच्यासाठी काय बांधू?’ असे परदेशातून विचारले गेले, तर आपल्या पाळकांनी इमारतीचा नकाशा पाठवू नये. कोणत्या पाड्यावरची किती मुले दिवाळीनंतर शाळेबाहेर पडतात, याची यादी ग्रामसभेसोबत बसून करावी आणि ती पाठवावी.

आपला नम्र,
एका चर्चचा सभासद, डहाणू