मशेरी आणि हिरड्या

जुन्नर-आंबेगावातल्या कितीतरी घरांत भाकरीच्या तव्यावर तंबाखूही भाजली जाते. काळी झाली की चुरायची आणि बोटाने हिरड्यांवर घोळवत बसायचं. सासूकडून सुनेकडे आलेली ही सवय. ‘मशेरी लावल्याबिगर परसाकडला होत नाही,’ असं बायका सांगतात. त्यांना नावं ठेवू नयेत, निकोटिनची तल्लफच तशी चिवट. पण दाताच्या ठणक्यावर औषध म्हणून लावलेली हीच मशेरी हिरडी मागे सारते, मुळं उघडी पाडते, आणि तोंडाच्या कर्करोगाची वाटही तिथूनच जाते. मुळात हिरड्यांचा आजार फारसा दुखत नाही, म्हणूनच तो फसवतो. घासताना रक्त आलं की बाया त्या जागी ब्रश लावणंच सोडतात. खरंतर तिथेच मऊ ब्रशने, रात्री झोपण्याआधीही, घासायला हवं. सूज उतरते, पण झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. कीटण काढल्याने दात हलतात, हा समजही चुकीचा. साठलेलं कीटणच दात खिळखिळे करतं. आणि गालात पांढरा चट्टा पंधरा दिवसांत गेला नाही, तर मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवून यावं, टोमॅटोची तोडणी चालू असली तरीही.