वलीच्या कबरीवरचे डांबर

२००२ च्या दंगलीत अहमदाबादच्या शाहीबागेत, पोलीस आयुक्तालयाच्या जवळच, वली दखनीची मजार जमावाने पाडली. लगोलग तिच्यावर डांबर पडले आणि रस्ता झाला. वली आपल्या औरंगाबादचा. त्याच्या दिवाणाने दिल्लीच्या फारसीत रमलेल्या शायरांना रेख्त्याकडे वळवले.

जमावाचा निषेध आपण पुष्कळ केला. माझा प्रश्न डांबराचा आहे. जमाव दगड घेऊन येतो, रोलर घेऊन येत नाही.

कायदा काय म्हणतो? १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याने संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्याला तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड होता. २०१० मध्ये ही मर्यादा दोन वर्षे आणि एक लाखावर गेली. ऐकायला बरे वाटते. पण सारी शिक्षा ‘संरक्षित’ या एका शब्दावर उभी आहे. यादीत नाव नसेल तर या कायद्याच्या लेखी तो नुसता दगड! मग उरते पवित्र स्थळाच्या विटंबनेचे कलम. तिथे धर्माच्या अपमानाचा हेतू किंवा जाणीव सिद्ध करा. म्हणजे कवीच्या कबरीनेही न्याय मागायचा तो धर्माच्या दारातूनच. ती सगळ्यांची ठेव होती, हे म्हणायचे कुठे?

२०१२ मध्ये टिंबक्टूत सुफींच्या मजारी फोडणाऱ्याला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१६ मध्ये नऊ वर्षांची शिक्षा दिली. फोडणारा मुसलमान, मजारीही मुसलमानांच्या. न्यायालयाने गुन्हा पाहिला, जमात नाही.

आणि आपण? बीबी का मकबऱ्याच्या भिंतीवर नावे कोरणाऱ्यांत आपली पोरे नसतात काय? गावच्या जुन्या दर्ग्याला ऑइलपेंट फासून, टाइल्स बसवून शिलालेख बुजवणारे विश्वस्त कोण? तेव्हा आपल्याला कायदा आठवत नाही.

म्हणून मागणी दुहेरी हवी. सार्वजनिक जागेवरील प्रत्येक जुन्या कबरीची, समाधीची, शिलालेखाची सरकारी नोंद व्हावी. आणि पाडणाऱ्याइतकाच, पाडलेल्यावर रस्ता करण्याचा हुकूम देणाराही गुन्हेगार ठरावा. पण सरकारची वाट पाहत बसू नका. आपल्या गावचा एक तरी शिलालेख वाचून घ्या, फोटो काढा, तारीख टाका, नगरपालिकेला अर्ज देऊन पोच घ्या.

वलीची गझल कुणीतरी उतरवून घेतली म्हणून वाचली. कबरी आपण कधी उतरवून घेणार?