पोकळीचे भाडे

कापूस विकताना ओलाव्याच्या नावाने कटती. टायर मागवताना मात्र पोकळीचेही भाडे! कुरिअरवाला टायर चौकोनी खोक्यासारखा मापतो: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, बहुधा 5000 ने भागायची. 58 × 58 × 16 चा मोटारीचा टायर काट्यावर साधारण 7 किलो, पावतीवर 11. मधले भोकही आपल्याच माथी! म्हणून आधी ट्रान्सपोर्टवाल्याकडे प्रत्यक्ष वजनाचा दर विचारा. दुकानदाराला सांगा, दोन टायर एकावर एक पट्टीने आवळ, पत्ता आतूनही चिकटव. आणि टायरच्या बगलेवरचा नंबर बिल्टीवर लिहायला लावा. शेवटचे 4 आकडे म्हणजे आठवडा व वर्ष. 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. नव्याच्या जागी जुना आला, तर भांडायला हाताशी तेवढाच कागद असतो.