पाय जळतात तेव्हा मनालाही विचारा

शुगरचा पेशंट नाही अशी गल्ली आपल्या वस्त्यांमध्ये आता सापडणे कठीण. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आपण रक्तातली साखर मोजतो, गोळी घेतो आणि काम झाले असे समजतो. पण दोन गोष्टी राहून जातात. एक पायाच्या नसा, दुसरे मन. या दोन्हींचा एकमेकांशी घट्ट संबंध आहे, हे आपण समजून घेतलेच पाहिजे.

साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की नसा खराब होतात. सुरुवात तळपायापासून होते. मुंग्या येतात, आग होते, सुया टोचल्यासारखे वाटते आणि रात्री त्रास वाढतो. पुढे पाय बधिर होतो, चप्पल निसटली तरी कळत नाही, चालताना तोल जातो. झोप नाही, बिगारी काम किंवा धुणीभांडी जमत नाहीत, कमाई थांबते. माणूस गप्प होतो. जेवण, गोळ्या, चालणे सगळे सोडून देतो. मग साखर आणखी वाढते आणि नसा आणखी खराब होतात. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा साधारण दुप्पट आढळते. अशा माणसाला आपण ‘आळशी झाला’, ‘नाटक करतो’ म्हणतो. हा अन्याय आहे.

खुद्द बाबासाहेबांना हे दुखणे होते. १९४७-४८ मध्ये, घटनेच्या मसुद्याच्या कामाच्या काळात, पायांतल्या नसांच्या वेदनेने त्यांना रात्रीची झोप लागत नसे. ते इन्शुलिन घेत होते. उपचारासाठी मुंबईला गेले, तिथे डॉ. शारदा कबीर भेटल्या आणि १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला. त्याच आपल्या माईसाहेब. १९५४ मध्ये जून ते ऑक्टोबर बाबासाहेब अंथरुणाला खिळून होते, नजरही अधू झाली होती. तरी १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी आपल्याला धम्म दिला. ‘बाबांनी सोसले, तूही सोस’ असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्यांनी दुखणे लपवले नाही, डॉक्टर गाठला, जवळच्या माणसाचा आधार घेतला. आपण घ्यायचे ते हे.

धम्मही हेच शिकवतो. दुःख आहे हे आधी मान्य करा, त्याचे कारण शोधा, मग ते दूर करण्याचा मार्ग धरा. आनापान जरूर करा, मन शांत होते. पण ते गोळीच्या जागी नाही, गोळीच्या सोबतीला.

घरच्यांनी दोन प्रश्न विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास होते का? आवडीच्या गोष्टींत रस राहिला नाही का? उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. नसांच्या दुखण्यावरची काही औषधे नैराश्यावरही चालतात, म्हणून दोन्ही तक्रारी एकत्र सांगण्यात फायदा आहे. मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असेल तर बी-१२ तपासायला सांगा, ते कमी झाले तरी पाय बधिर होतात. दारूही नसा जाळते. रोज रात्री तळपाय पाहा, दिसत नसेल तर आरसा धरा. गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नका, भाजलेले कळत नाही. भीमजयंतीच्या मिरवणुकीत एप्रिलच्या तापल्या डांबरावर अनवाणी चालू नका. विहारात मोजे घालून बसलात तर त्यात अनादर काही नाही.

आमची मागणी साधी आहे. नाशिकच्या सिव्हिलमध्ये आणि महापालिकेच्या दवाखान्यांत शुगरच्या पेशंटची साखर तपासतात तेव्हाच त्याचे पाय तपासावेत आणि हे दोन प्रश्नही विचारावेत. यासाठी मोठे मशीन लागत नाही, पाच मिनिटे लागतात. पेशंट रांगेत तासन्‌तास उभा राहतो, पाच मिनिटांचा त्याला हक्क आहे.

विहारांनीही आपला वाटा उचलावा. रविवारच्या वंदनेनंतर महिला मंडळाने वस्तीतल्या शुगरच्या पेशंटची विचारपूस करावी, एकटे पडलेल्याला दवाखान्यात सोबत न्यावे. जगणे नकोसे वाटते असे कोणी बोलले तर ते हसण्यावारी नेऊ नका, त्याला एकटे सोडू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. विहाराच्या फळ्यावर तो आजच लिहून ठेवा.