पोडाची चावडी आणि सरकारचा न्याय

'कायदा सर्वांस एकच असावा' हे वचन ऐकावयास गोड आहे, आणि आमच्या सुशिक्षित वर्गाच्या तोंडी ते नेहमी असते. यवतमाळ जिल्ह्यातील गोंड, कोलाम, परधान व आंध यांच्या ग्रामसभांस आपसांतील तंटे मिटविण्याचा खरा अधिकार मिळावा, असे कोणी म्हटले की हेच वचन ढालीसारखे पुढे केले जाते. ही ढाल किती जाड आहे, हे एकदा ठोकून पाहिले पाहिजे.

इसवी सन १९९६ हे साल वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्या एकाच वर्षी संसदेने दोन कायदे केले. पहिला लवादाचा. त्यान्वये दोन व्यापाऱ्यांनी आपसांत नेमलेल्या लवादाचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात येतो. दुसरा कायदा अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींचा, ज्यास 'पेसा' म्हणतात. आपल्या रूढी, आपली सामूहिक साधनसंपत्ती व तंटे सोडविण्याची आपली पूर्वापार रीत यांचे जतन करण्यास ग्रामसभा समर्थ आहे, असे त्याच्या चौथ्या कलमात स्वच्छ लिहिले आहे. व्यापाऱ्यांच्या निवाड्यास कायद्याने दात दिले. ग्रामसभेस मात्र नुसता गौरव दिला. या दुसऱ्या कायद्याचे नियम करण्यास महाराष्ट्र सरकारास २०१४ साल उजाडावे लागले, म्हणजे अठरा वर्षे लागली. व्यापाऱ्यांस लवाद चालतो, शहरातील गृहनिर्माण संस्थांच्या भांडणांस सहकार न्यायालय चालते, नवराबायकोच्या तंट्यास कुटुंब न्यायालय चालते. तेव्हा 'कायदा एकच' हे वचन कोणासच आठवत नाही. ते आठवते केवळ कोलामाची पाळी आली म्हणजे!

आता प्रत्यक्ष स्थिती पाहू. १९८५ साली राष्ट्रपतींच्या आदेशाने मारेगाव, राळेगाव, केळापूर व घाटंजी या तालुक्यांतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आली. या भागात कोलामांची वस्ती बहुधा मूळ गावापासून अलग, 'पोड' म्हणून असते. पोडावर चावडी असते, नाईक असतो, महाजन असतो. गुरे पिकात शिरली, धुरा सरकला, ठरलेली सोयरीक मोडली, दारूच्या नशेत हाणामारी झाली, असले तंटे तेथे बसून बोलून मिटविण्याची रीत जुनी आहे. तिचा हेतू अपराध्यास तुरुंगात धाडण्याचा नसून, ज्याचे नुकसान झाले त्याचे भरून देण्याचा आणि उद्या पुन्हा एकाच पाणवठ्यावर येणाऱ्या दोन घरांत बोलणे सुरू करण्याचा असतो. हाच तंटा पांढरकवड्याच्या किंवा वणीच्या कोर्टात गेला म्हणजे काय होते? एक दिवसाची मजुरी बुडते, पुढची तारीख पडते, आणि कामकाज चालते मराठीत. कोलामी व गोंडी या द्राविड कुळातील भाषा आहेत. म्हाताऱ्या फिर्यादीस आपलीच फिर्याद दुसऱ्याच्या तोंडून कळावी, यास आम्ही न्यायदान म्हणतो! अनुसूचित जमातीच्या माणसास उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील देण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे, आणि ती स्तुत्य आहे. परंतु वकील मोफत मिळाला म्हणून भाषा मिळत नाही, आणि बुडालेला दिवसही परत येत नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणत नाही. २००७ साली गृहखात्याने 'महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम' काढली. गावाचे तंटे गावात मिटावेत हा तिचा उद्देश उत्तम होता. परंतु तंटे मिटविल्याबद्दल गावास बक्षिसाची रक्कम ठेवली गेली, आणि तेथेच विचारात खोट राहिली. जेथे तंटा नाही तेथे न्याय आहे, असे मुळीच नाही. दुबळ्याने तोंड मिटले तरी तंटा मिटतो. बक्षिसाच्या आशेने गाव दुबळ्यास गप्प बसवील, हे भय ज्यास वाटत नाही, त्याने गाव पाहिलेले नाही. सरकारने गावास बक्षीस देऊ नये. अधिकार द्यावा, आणि त्या अधिकाराबद्दल जाब विचारावा.

येथे प्रतिपक्षाचा एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. रूढीच्या नावाखाली बायकांवर अन्याय होतो, पंच दंड उकळतात, कुटुंबास वाळीत टाकतात, असे तो म्हणतो. हे खोटे नाही. जातपंचायतींच्या असल्या जुलमामुळेच महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली. तो कायदा आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. परंतु जातपंचायत आणि ग्रामसभा या दोन वस्तू भिन्न आहेत. जातपंचायतीत पाच पुरुष बसतात. ग्रामसभेत मतदारयादीतील प्रत्येक बाई व प्रत्येक बुवा सभासद असतो. ज्यास पंचांच्या मनमानीचे भय आहे, त्याने तर ग्रामसभेचाच पक्ष घेतला पाहिजे. कारण तिला अधिकार नाकारल्याने पंच नाहीसे होत नाहीत. ते अंधारात बसतात, इतकेच.

आणि हा प्रयोग काही आम्हीच प्रथम करणार असे नाही. आपल्या घटनेच्या सहाव्या अनुसूचीने ईशान्येकडील जिल्हा परिषदांस जमातींच्या आपसांतील खटल्यांसाठी ग्रामन्यायालये स्थापण्याचा अधिकार दिला आहे. मध्य भारतातील जमातींच्या वाट्यास पाचवी अनुसूची आली, तीत असे काही नाही. पैनगंगेपलीकडील आदिलाबाद पाहा. १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमरम भीम मारला गेला, तेव्हा कोठे निजाम सरकारास जाग आली व गोंडांची गाऱ्हाणी समजून घेण्यास हायमेंडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास पाचारण करण्यात आले. न्याय वेळेवर न दिल्यास तो कोणत्या किमतीला द्यावा लागतो, हे त्या डोंगरावर लिहिलेले आहे. न्यूझीलंडात २००८ पासून माओरी तरुणांच्या काही खटल्यांत सरकारी न्यायाधीशच त्यांच्या सभास्थानी, 'मराए'वर, जाऊन बसतो. जमातीतील वडीलधारे त्याच्या शेजारी बसतात. कायदा तोच राहतो, बैठक मात्र बदलते. त्यामुळे तेथील राज्य बुडाल्याचे ऐकिवात नाही.

तेव्हा आमचे मागणे फार नाही. प्रत्येक पोडास, त्याची इच्छा असल्यास, स्वतंत्र गाव म्हणून मान्यता द्यावी. पाड्यास किंवा वस्तीस गाव मानण्याची सोय 'पेसा'तच आहे. लोकअदालतीच्या निवाड्यास जसे हुकूमनाम्याचे बळ असते, तसेच बळ ग्रामसभेत उभयपक्षी राजीखुशीने झालेल्या दिवाणी तडजोडीस द्यावे. न्यायाधीशाने नेमल्या दिवशी चावडीवर यावे, सोबत कोलामी वा गोंडी जाणणारा दुभाषी आणावा, आणि ज्यास तडजोड जाचक वाटली त्याचे तेथेच ऐकावे. खून, बलात्कार व असले घोर अपराध चावडीपुढे कदापि येऊ नयेत. बाईची संमती तिच्या बापाने वा नवऱ्याने नव्हे, तिने स्वतः सांगावी.

यात सरकारचा अधिकार कमी होतो, असे ज्यांस वाटते त्यांस आम्ही एवढेच विचारतो की, ज्या पोडावर न्यायाधीश कधी पोहोचतच नाही, तेथे सरकारचा कोणता अधिकार आज शिल्लक आहे? आमच्या घरातील वाटणीचे भांडण आम्ही मामांना, काकांना बसवून मिटवितो आणि त्यास शहाणपण म्हणतो. नाईक व महाजन बसले म्हणजे त्यासच मागासलेपण म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?