जटायूला वंदन, गिधाडाला विष

भ्रष्ट पुढाऱ्याचे चित्र काढायचे म्हटले की व्यंगचित्रकाराला पहिल्यांदा गिधाड आठवते. ‘लचके तोडणारी गिधाडे’ हा शब्दप्रयोग तर मराठी अग्रलेखांत कायमचा मुक्कामाला आला आहे. सीतामाईच्या रक्षणासाठी पंख छाटले जाईपर्यंत लढणाऱ्या जटायूवर प्रत्यक्ष प्रभू रामचंद्रांनी अंत्यसंस्कार केले, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या ऐकणाऱ्या समाजाने त्याच्याच वंशजांची शिवी करावी, हा विपर्यास नव्हे काय? अर्थात शिवीने पक्षी मरत नाही. गिधाडे मेली ती औषधाने. आणि ते औषध कोणा शत्रूने पेरलेले नव्हते, ते गोठ्यातूनच गेले.

खानदेशातील पन्नाशी ओलांडलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की थोड्याच वेळात आकाशात घिरट्या सुरू होत आणि सांगाडा तेवढा उरे. आज त्याच जागी कुत्र्यांच्या टोळ्या आहेत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातील पांढऱ्या पाठीची गिधाडे सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. २००४ साली कारण सापडले. जनावरांना वेदनाशामक म्हणून टोचले जाणारे डायक्लोफेनॅक मृत जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते, त्याची मूत्रपिंडे निकामी होतात आणि काही दिवसांत पक्षी मरतो. शंभरांतील एका मृत जनावराहूनही कमी प्रमाणात हे विष असले, तरी वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या या पक्ष्याचा वंश बुडण्यास ते पुरेसे ठरते.

कोणते गिधाड?

अशा स्थितीत ‘तालुक्यात गिधाडे दिसली’ एवढ्या बातमीवर समाधान मानणे ही आत्मवंचना आहे. पहिला प्रश्न हवा : कोणती गिधाडे? भारतात गिधाडांच्या नऊ जाती आहेत. पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच झाडांवर घरटे करते. गडद अंग आणि बसताना उठून दिसणारा पाठीच्या खालच्या भागावरील पांढरा पट्टा ही त्याची खूण. लांब चोचीचे भारतीय गिधाड फिकट तपकिरी. त्याला वस्तीसाठी कडेकपाऱ्या लागतात. लाल डोक्याचे राजगिधाड बहुधा एकटेदुकटे दिसते. पिवळ्या चेहऱ्याचे लहानखुरे पांढरे गिधाड मात्र उकिरड्यावरही उतरते. ते एक दिसले म्हणून कड्यावरची वसाहत परतली असे होत नाही. पाटणादेवीच्या कड्यांपासून सातपुड्याच्या दऱ्यांपर्यंत कोठे काय उरले आहे, हे जात, जागा आणि घरटे यांच्या नोंदीवाचून कसे कळणार?

चुकीच्या नोंदीची किंमत काय असते, हे खानदेशाइतके कोणाला ठाऊक असावे? रानपिंगळा १८८४ नंतर नामशेष झाला असे मानले जात होते. १९१४ साली तापीकाठच्या मांडवी येथे तो मिळवल्याचा एका ब्रिटिश कर्नलचा दावा प्रमाण मानून अभ्यासक भलत्याच ठिकाणी शोध घेत राहिले. तो दावा बनावट निघाला. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील जुने नमुने काटेकोरपणे तपासले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ, ११३ वर्षांनंतर, रानपिंगळा पुन्हा सापडला. सातपुड्यातला पक्षी सातपुड्यातच होता. अचूक ओळख तेवढी नव्हती.

गोसेवेची कसोटी

सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचू लागल्या; ती पळवाट बुजविण्यास २०१५ साल उजाडले. ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन यांच्यावर बंदी आली ती थेट २०२३ मध्ये. एक दार लावायचे आणि दुसरे वर्षानुवर्षे उघडे ठेवायचे, याला धोरण म्हणत नाहीत. मेलॉक्सिकॅमसारखे गिधाडांना निर्धोक औषध २००६ पासून माहीत असताना तर मुळीच नाही.

परंतु सगळा दोष सरकारच्या माथी मारून समाजाला हात झटकता येणार नाहीत. गोशाळा आणि पांजरापोळ येथे म्हातारी, लंगडी, आजारी जनावरे येतात. त्यांच्या वेदना कमी कराव्यात हा दयाधर्मच. पण शेवटच्या दिवसांत दिलेले चुकीचे इंजेक्शन गिधाडाच्या मुळावर येते. गायीची सेवा करताना जटायूचा वंश संपावा, हे कोणत्या धर्मात बसते? उलट, औषधाची नोंदवही ठेवणारी आणि निर्धोक औषधच वापरणारी गोशाळा गिधाडांना सुरक्षित अन्न देऊ शकते. नाशिकजवळ हनुमंताचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या अंजनेरीला २०१७ साली संवर्धन राखीव क्षेत्र घोषित करण्यात आले, त्यामागे तेथील गिधाडांचे मोठे निमित्त होते. श्रद्धा आणि शास्त्र एकाच डोंगरावर नांदू शकतात, याचा हा शेजारचाच दाखला आहे.

हा केवळ पक्षिप्रेमाचा छंदही नव्हे. गिधाडांच्या ऱ्हासामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख अधिक माणसे दगावली, असा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रीय अभ्यासाने मांडला आहे. सडणारी जनावरे, दूषित पाणी, वाढलेली कुत्री आणि रेबीज यांचा हा हिशेब आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. जळगाव-धुळ्यातील प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात निर्धोक औषध उपलब्ध असावे; औषध दुकानांची तपासणी व्हावी; वनखात्याने जातीनिहाय आणि घरटेनिहाय गणना करून ती प्रसिद्ध करावी; आणि प्रत्येक गोशाळेने कोणते इंजेक्शन टोचले हे फलकावर लिहावे. यातील शेवटची गोष्ट करण्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची गरज नाही. रामनवमीला जटायूचे नाव घेणाऱ्यांनी ती उद्याच करून दाखवावी.